लिऑनच्या त्या सूपाबद्दल, मामी

मामी, तुम्ही गेल्याला आज पंधरा दिवस झाले आणि मला अजून नीट रडताही आलेलं नाही. रडायला बसलं की मध्येच ते सूप आठवतं आणि मी विचार करायला लागते. मग रडणं राहून जातं. तुम्हाला नक्की काय ठाऊक होतं आणि कधीपासून, हे एकदा कळलं असतं तर मी सुखानं रडले असते. पण तुम्ही उत्तर न देता निघून गेलात. खरं म्हणजे मी प्रश्नच कधी विचारला नव्हता, तेव्हा तुमच्यावर रागावण्यातही अर्थ नाही. तरी मी रागावले आहे.

परवा तेराव्याचं गोड जेवण आटोपलं, माणसं पांगली, आणि मामांनी मला खाली स्वयंपाकघरात बोलावलं. तुमच्या ओट्याला टेकून उभे होते. म्हणाले, "मेघना, तेरा दिवस घरांत कांदा आला नाही. उद्यां तूं तें सूप कर मा. फ्रान्सचं. ती दर वेळीं करायची आणि दर वेळीं म्हणायची, कायतरी कमी आहे. तूं तिकडं तिच्याबरोबर बसून खाल्लंस. कमी काय होतं तें तुलाच ठाऊक. तें घालून कर."

मी "बरं मामा" म्हटलं आणि जिना चढून वर आले. पायरीवर दोनदा थांबले. कमी काय होतं ते मला ठाऊक होतं. चार वर्षं ठाऊक होतं. त्या सूपात हाडांचं पाणी होतं, मामी. रोज सकाळी दीड तास पूजा करणाऱ्या, बाहेरचं पाणीसुद्धा विचार करून पिणाऱ्या मामांना ते सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर तुमच्याबद्दल काय सांगायचं, हे मला कळेना.

माझ्या बाजूनं सुरुवात खोट्यानेच झाली, ते आधी कबूल करते. सहा वर्षांपूर्वी मी कोल्हापूरहून तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरीला आले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, मालक फ्रेंच. पश्चिम मांबलममध्ये तुमच्या गेटवर पाटी होती: वरचा मजला भाड्याने, फक्त शाकाहारी कुटुंबाला. मी कुटुंब नव्हते आणि शाकाहारी तर मुळीच नव्हते. पण त्या दिवशी सहा घरं पाहून झाली होती, चपलेचा अंगठा तुटला होता, आणि दार उघडणाऱ्या बाई, म्हणजे तुम्ही, चक्क मराठीत म्हणालात, "येवा मा, उन्हांत कशाला उभ्या?" तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या लोकांची मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते. जुन्या पोथीतले शब्द आणि तमिळ हेल. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आतून तुमच्या यजमानांनी, पुढे ज्यांना मी मामा म्हणू लागले त्यांनी, विचारलं, "वेजिटेरियन ना?" मी म्हटलं, "हो, अगदी." त्यातलं 'अगदी' म्हणायची काही गरज नव्हती.

मग ते 'अगदी' निभावणं आलं. शनिवारी कारखाना लवकर सुटला की मी ऑफिसातल्या पोरांबरोबर ओरगडमच्या रस्त्यावर बिर्याणी खायची, बडीशेप चघळत बसनं परत यायची आणि गेटपाशी तुम्ही जाईच्या कळ्या तोडत उभ्या दिसलात की श्वास रोखून "बोंज्युर मामी" म्हणायची. तुम्ही लगेच चूक काढायचात. "संध्याकाळ झाली मा. बोंस्वार." मग मला तेही श्वास रोखून म्हणावं लागे.

फ्रेंच मी तुमच्याकडून शिकले ते बढतीसाठी, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि तुम्हाला राग आला. पस्तीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवून तुम्हाला त्याची सवय व्हायला हवी होती. या शहरातली मुलं फ्रेंच घेतात ती तमिळपेक्षा जास्त मार्क पडतात म्हणून, हे रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. तुम्ही म्हणालात, "बढतीसाठीं शिकायचं असेल तर पुस्तक विकत घे. माझ्याकडं शिकायचं असेल तर रविवारीं जेवायला ये." मला वाटलं, स्वस्तात सुटले. ते जेवण अडीच तासांचं असतं हे कुणी सांगितलं होतं?

तुमच्याकडे रविवारी फ्रेंच पद्धतीनं जेवायचं म्हणजे जेवण आपलंच, फक्त ते एकेक करून येणार. आधी वाडग्यात सार. ते सगळ्यांचं संपेपर्यंत दुसरं काही नाही. मग एकटी रसवांगी, वांग्याची ती तुमची आंबट भाजी, काटा-चमच्यानं. मग थांबायचं, बोलायचं. मग भात. मग चीजच्या ऐवजी बशीत घट्ट दही. मग पायसम. मामा दर रविवारी साराच्या वेळीच विचारायचे, "भात केव्हां?" आणि तुम्ही म्हणायचात, "फ्रान्सांत कोणी भात मागत नाही." मामा म्हणायचे, "म्हणूनच मी तिकडं जात नाही." मला त्या अडीच तासांचा सुरुवातीला वैताग यायचा. नंतर कधीतरी लक्षात आलं की आठवडाभरात मी कुणाशी धड बोलले असेन तर त्या टेबलावर, आणि एकदा तर तुम्ही आजारी होतात म्हणून जेवण रद्द झालं तेव्हा मी वर एकटी बसून सार आधी आणि भात नंतर खाल्ला.

तुमचं फ्रान्सवरचं प्रेम मला कधीच पुरतं कळलं नाही. भाजीवाल्याच्या गाडीशी गेलात तरी तुम्ही आधी थांबून नमस्कार करायचात, मग भाव विचारायचात, कारण तिकडे पाव विकत घेतानाही आधी नमस्कार करतात. भाजीवाला म्हणायचा, मामी, वेंडक्का किती देऊ ते सांगा, भेंडी ताजी आहे. संप झाला की तुम्ही खूश. लोक रस्त्यावर उतरले पाहिजेत, तुम्ही म्हणायचात, तिकडे उतरतात. आमच्या कारखान्यात बायकांनी कॅन्टीनच्या वेळेवरून तक्रार केली तेव्हा तुम्ही मला विचारलंत की मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले का. मी नव्हते राहिले. तुम्ही दोन रविवार शिकवलं नाही.

एकदा मी चिडून म्हटलं, "मामी, पाँडिचेरीत त्यांनी आपल्यावर राज्य केलं. तुम्हाला त्याचा जरासुद्धा राग येत नाही?" तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "आपल्यावर? आमी येऊन तंजावरावर राज्य केलं, त्यांना राग येतो का, विचारलंस कधीं?" ते भांडण तिथेच राहिलं. मला त्याचं उत्तर सुचलं की सांगेन असं ठरवलं होतं.

आणि मग खरंच जाणं झालं. कंपनीनं मला तीन आठवडे लिऑनजवळच्या कारखान्यात पाठवलं, पुढे आठ दिवसांची रजा मी जोडून घेतली, आणि तुम्ही एकट्या विमानानं तिथे आलात. मामा येणार नव्हतेच. एग्मोर स्टेशनात जन्मभर नोकरी, साऱ्या देशाचा पास खिशात, आणि ते कुठेही गेले नाहीत. तुम्ही विमानतळाच्या दारातून बाहेर आलात तेव्हा सुती साडी, जाड मोजे, त्यावर पांढरे बूट आणि डोक्याला माकडटोपी. बॅगेत भातात कालवायचं चिंचेचं पुळीकाच्चल, साराची पूड आणि चाळीस अप्पळम पापड. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा त्या देशात पाय ठेवत होतात, आणि पहिलं काम काय केलंत, तर दारातल्या पहारेकऱ्याला थांबून नमस्कार केलात. तो बिचारा गोंधळला, पण त्यानंही केला.

स्टेशनातल्या खिडकीवरचा प्रसंग आठवतो? तुम्ही तुमच्या जुन्या, नीटनेटक्या फ्रेंचमध्ये पॅरिसची दोन तिकिटं मागितलीत आणि त्या पोरानं इंग्रजीत उत्तर दिलं. तुम्ही पुन्हा फ्रेंचमध्ये. तो पुन्हा इंग्रजीत. मागे रांग वाढली. मी तुमचं कोपर ओढत होते. तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, मी पन्नास वर्षं तुमच्या भाषेसाठी थांबले, तुम्ही दोन मिनिटं थांबा. मग तो फ्रेंच बोलला. बाजूला आल्यावर तुम्ही हसत होतात. मला त्या क्षणी तुमचा फार अभिमान वाटला. तेही सांगायचं राहिलंच.

त्याच दुपारी ते सूप.

कोपऱ्यावरची साधी खानावळ होती. वाढायला एक पोक्त बाई. तुम्ही कांद्याचं सूप मागवलंत, आणि मागवण्याआधी तिला स्पष्ट विचारलंत की त्यात मांस आहे का. ती म्हणाली, छे हो मादाम, कांदा, पाव आणि चीज. मी स्वतः ऐकलं. दोन वाडगे आले, वर चीज करपवलेलं, खाली वाफ. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि थेट कोल्हापूरला पोचले. आमच्याकडे मटण शिजवताना निघालेलं पाणी बाजूला काढतात, त्याला अळणी म्हणतात. लहानपणी ताप आला की आई तेच वाटीभर द्यायची. जन्मभर ते प्यालेल्या माणसाला पत्ता विचारावा लागत नाही. मांसाचा तुकडा नव्हता त्यात, पण त्याचं सगळं पाणीच हाडांचं होतं. कोणत्या प्राण्याची हाडं, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि इथे तर्कही करणार नाही.

मी वर पाहिलं तर तुमचा तिसरा-चौथा चमचा झाला होता. डोळे मिटलेले. तुम्ही काहीतरी म्हणालात, मराठीत नाही, तमिळमध्येही नाही, फ्रेंचमध्ये, स्वतःशीच. मग पावाच्या तुकड्यानं वाडगा पुसून घेतलात. आणि मी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही लगेच विचारलं असतं, तुला कसं कळलं? आणि त्या प्रश्नाला 'अगदी' शाकाहारी मुलीकडे काय उत्तर होतं? माझं घर जाईल म्हणून मी गप्प बसले असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. खरं असं की रविवारचं ते टेबल जाईल याची भीती होती. तेव्हा मी माझा वाडगा संपवला, मामी. चांगला होता, आणि मला त्याची लाज वाटली.

इथपर्यंत मला सगळं समजतं. गोंधळ पुढे आहे.

जेवण झाल्यावर तुम्ही उठून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेलात, सूपाची कृती विचारायला. दहा मिनिटांनी कागदाची घडी पर्समध्ये घालत बाहेर आलात. मी विचारलं, काय म्हणाली? तुम्ही म्हणालात, "सोपं आहे मा. कांदाच." आणि स्टेशनापर्यंत एक शब्द बोलला नाहीत. रस्ता ओलांडताना माझा हात धरलात, तो पलीकडे गेल्यावरही सोडला नाहीत. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलात आणि तुमचे ओठ हलत होते, स्तोत्र असावं. मला वाटलं, दमलात. की तिनं आत तुम्हाला सांगितलं होतं? सांगितलंच असणार. कृतीत पाण्याच्या जागी काय घालायचं ते कोण लपवेल?

मग दुसरा दिवस. पॅरिस, नदीजवळची एक खानावळ, कडाक्याची थंडी. तुम्ही पुन्हा तेच सूप मागवलंत. आणि या वेळी मांस आहे का असं विचारलं नाहीत. आदल्या दिवशी विचारणाऱ्या तुम्ही, पाव घेतानाही अंडं आहे का म्हणून विचारणाऱ्या तुम्ही, या वेळी काहीच विचारलं नाहीत. मी तेच मागवणार होते तर म्हणालात, "नको मा, तुला जड होईल. तूं हिरवी कोशिंबीर घे." मी कोशिंबीर घेतली. तुम्ही सूप प्यालात. शेवटच्या थेंबापर्यंत, माझ्याकडे न बघता.

मी हे चार वर्षं उलटसुलट करून पाहते आहे. ठाऊक असतं तर तुम्ही दुसऱ्यांदा प्यालाच नसतात, असं म्हणते. मग आठवतं की विचारलं नव्हतंत. विचारलं नाहीत कारण आदल्या दिवशी 'नाही' असं उत्तर मिळालं होतं, असंही असेल. चष्मा हॉटेलवर विसरला होतात, म्हणजे मेनू वाचला नसेल. पण मला कोशिंबीर का दिलीत? माझी काळजी म्हणून? आणि जर माझी काळजी होती तर कशापासून?

परत आल्यावर तुम्ही कॉफी सोडलीत. मी विचारलं तर म्हणालात, डॉक्टरनं सांगितलं. सकाळ-दुपार फिल्टरमधलं डिकॉक्शन स्वतः गाळून पिणाऱ्या बाईनं सहा महिने कॉफीला शिवू नये हे मला चमत्कारिक वाटलं होतं, पण डॉक्टरपुढे काय बोलणार? आणि कॉफी सुटलेल्या त्याच काळात रविवारी सार जाऊन कांद्याचं सूप सुरू झालं. भाज्यांचं पाणी घालून केलेलं. तुम्ही वाडगा माझ्यापुढे ठेवायचात आणि विचारायचात, "काय कमी आहे?" मी कधी म्हटलं मीठ. कधी म्हटलं, तिथला कांदाच वेगळा. तुम्ही मान हलवायचात, "हो, कांदा वेगळा." पुन्हा पुढच्या वेळी तेच. आता मला सांगा, तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून विचारत होतात? की ठाऊक होतं आणि मी बोलते का ते बघत होतात? की मला काही कळू नये म्हणून ते सगळं नाटक होतं? तीनही उत्तरं मला कालपर्यंत रोज आळीपाळीनं खरी वाटत होती.

काल संध्याकाळी मी सूप केलं. तुमच्याच कढईत, भाज्यांच्या पाण्यात, कांदा पाऊण तास परतून. मामांपुढे वाडगा ठेवला आणि समोर तुमच्या खुर्चीशेजारच्या माझ्या खुर्चीवर बसले. त्यांनी दोन चमचे घेतले. "तिच्यासारखंच आहे," म्हणाले. "म्हणजे कमी तें कमीच." आणि माझ्याकडे बघत राहिले.

मला राहवेना. मी म्हटलं, "मामा, त्यात तिथे मांस होतं. मांस म्हणजे, हाडांचं पाणी. मामींनी विचारलं होतं, त्या बाईनं नाही म्हणून सांगितलं. मामींची काही चूक नव्हती."

मामांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता उठून आंघोळीला जातील.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

"कसं?"

"ती आली त्याच दिवशीं सांगितलं. बॅगसुद्धां उघडली नव्हती. रडत होती. म्हणाली, मी विचारलं तें, नाही म्हणाल्या, मग आंत जाऊन कृती विचारली तेव्हां कळलं. स्वतःसाठीं नाही रडली. म्हणाली, त्या पोरीला माझ्यामुळं मांस गेलं पोटांत. शुद्ध शाकाहारी पोर. तिला कळलं तर अन्न टाकील. तिच्या आईला मी काय तोंड दाखवूं? तिला कधीं कळूं देऊं नका."

मामा पाणी प्याले.

"मग प्रायश्चित्त घेतलं तिनं. कॉफी सोडली. तीन महिने तिचे स्वतःचे, तीन महिने तुझे. मी म्हटलं, पोरीचं पोरगी बघेल. म्हणाली, तिला ठाऊक नाही तर ती कशी करील? मीच करतें."

मामी, मी तेव्हा रडले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही नीट नाही, कारण लाजेनं तोंड झाकून घ्यावं लागलं. माझ्या नावानं तुम्ही तीन महिने कॉफीवाचून काढलेत, आणि मी त्याच तीन महिन्यांत दर शनिवारी ओरगडमला काय करत होते? ते ऐकल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही. मी मामांना सगळं सांगितलं. पाटी, 'अगदी', बिर्याणी, बडीशेप. पहिल्या चमच्यालाच ओळखलं होतं तेही.

मी मनात घरातलं सामान बांधायला घेतलं.

"दर शनिवारीं?" त्यांनी विचारलं.

"हो मामा."

"सहा वर्षं?"

"हो."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. डोळे पुसत, खोकत, टेबलाला धरून हसत होते. "अय्यो, म्हणजे तिची तीन महिन्यांची कॉफी फुकट गेली मा," ते म्हणाले. "तिला हें सांगायला हवं होतंस. भांडी आपटली असती तिनं." मग मलाही हसू आलं. तुमची रिकामी खुर्ची शेजारी आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. भांडी आपटली असतीत की नसतीत? की तुम्हाला तेही ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही मला दर संध्याकाळी गेटवर थांबवून बोंस्वार म्हणायला लावत होतात? मामांना विचारलं, मग मामी दर रविवारी काय कमी आहे म्हणून मला का विचारायच्या? मामांनी हात वर केले. "मला काय ठाऊक? डोकं अस्कं, सगळंच्या सगळं, फ्रेंच होतं तिचं."

मी मात्र मनातल्या मनात ते सहा महिने पुन्हा लावून पाहत होते. तीन तुमचे, तीन माझे, असं तुम्ही मामांना सांगितलंत. ते खरंही असेल. पण वाडगेही दोन होते, मामी, आणि त्यातला दुसरा तुम्ही कृती विचारून आल्यानंतरचा होता. तीन महिने लिऑनचे आणि तीन पॅरिसचे, असं तर नव्हतं? माझं नाव पुढे करून तुम्ही तुमचंच फेडत होतात का? की दोन्ही एकदम? मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला तुम्ही त्या थंडीत, माकडटोपी काढून मांडीवर ठेवलेल्या, वाडग्यावर वाकलेल्या दिसलात, आणि मला फार बरं वाटलं. जन्मभर दुसऱ्यांना त्या देशाबद्दल सांगत आलेल्या बाईनं एक वाडगा कुणालाही न विचारता घेतला असेल तर घेतला असेल.

मामांचं हसू ओसरलं. त्यांनी वाडगा पुढे ओढला, पण खाल्लं नाही. म्हणाले, "परवां भटजींनीं विचारलं, कांहीं राहिलंय का, दोष कांहीं, सोडवायचं. मी म्हटलं, कांहीं नाही, होतं तें तिनं स्वतः सोडवलंय. चुकून झालं होतं, परदेशांत, एकदांच." मग माझ्याकडे पाहिलं. डोळे अजून ओले होते, आणि त्यांत एवढीशी भीती होती. "तूं होतीस बरोबर. एकदांच ना मा?"

"एकदाच, मामा," मी म्हणाले, आणि कढईतलं उरलेलं सूप त्यांना वाढलं.